कोकोच्या बिया, पाटा आणि रवी : गोव्यातले पाच दिवस

मी कोल्हापुरात घरगुती चॉकलेटं करून विकते, आठ वर्षं झाली. वाढदिवस, बारसं, दिवाळीचे बॉक्स असं सगळं. आठ वर्षं मी जे वितळवून साच्यात ओतत होते ते कंपाउंड होतं. म्हणजे कोकोची पावडर, साखर आणि कोको बटरच्या जागी वनस्पती तूप. ते वितळवायला सोपं, सेट व्हायला सोपं, उन्हात पण बऱ्यापैकी टिकतं. पण खरं चॉकलेट झाडाच्या बीपासून कसं होतं ते मी कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, आणि ही गोष्ट मला गेलं वर्षभर टोचत होती. सासूबाईंची धाकटी बहीण गोव्यात म्हार्दोळला दिली आहे, तिच्या ओळखीने एक कुळागर (डोंगरउतारावरची बाग) आणि रायबंदरला दोन दिवसांचा वर्ग असं दोन्ही जुळून आलं, मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघी निघालो. मी, आई (म्हणजे सासूबाई) आणि माझी बारा वर्षांची लेक.

दिवस पहिला : म्हार्दोळ

पहाटे साडेपाचला कोल्हापूर सोडलं, आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. साडेअकराला मावशींच्या दारात होतो. रस्त्यात सांगण्यासारखं काही झालं नाही, फक्त बांद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना काजूची झाडं सुरू झाली आणि काचा खाली केल्यावर तो पिकलेल्या बोंडूंचा वास गाडीत शिरला तो पुढचे पाच दिवस नाकातून गेला नाही.

मावशींनी जेवायला बिब्ब्यांची उसळ (ओल्या काजूची), सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी), सोलकढी आणि मानकुराद आंबे काढून ठेवले होते. मानकुरादला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मावशी म्हणाल्या आम्हाला तो कागद मिळायच्या आधीपासून ठाऊक होतं, हापूस खाऊन कंटाळा येतो पण मानकुरादचा येत नाही. आई देवगडच्या हापूसवाल्या, त्यामुळे दोघी बहिणींचं तिथेच सुरू झालं.

संध्याकाळी शेजारच्या वाड्यावर काजूची भट्टी बघायला गेलो. बोंडू तुडवून रस काढतात, मग राहिलेल्या चोथ्याचा गोळा दाबून ठेवला की त्यातून थेंब थेंब निरो गळतो. तो ताजा निरो लेकीने दोन ग्लास प्यायला. तुडवलेला रस मात्र आंबायला ठेवतात आणि मग भट्टीवर चढवतात, पहिल्या धारेचा तो हुर्राक. भट्टीवाल्या काकांनी आंबणाऱ्या रसाच्या पिंपावर कान लावायला सांगितला. आतून बारीक चर्रर्र असा आवाज येत होता, सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तसा. "हा थांबला की समजायचं, तयार." मला तेव्हा माहीत नव्हतं की उद्या सकाळी हीच गोष्ट मला चॉकलेटबद्दल ऐकायला मिळणार आहे.

*एक सांगते : हुर्राक फक्त काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मे मिळतो. निरो त्याच दिवशी प्यायचा, बाटलीत भरून गावी न्यायचा विचार करू नका, वाटेतच आंबतो.*

दिवस दुसरा : कुळागर

सावईवेरेच्या बाजूला मावशींच्या ओळखीच्यांचं कुळागर आहे. कुळागर म्हणजे डोंगराच्या उतारावर झऱ्याच्या पाण्यावर पोसलेली बाग, वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, केळी, अननस आणि खाली सावलीत कोको. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाय टाकला तर अंगावर शिरशिरी.

कोकोचं झाड बघून लेक ओरडलीच. फळं फांदीच्या टोकाला नसतात, थेट खोडाला लटकतात, फणसासारखी. पिवळी, काही तांबडी, लांबट, वर खाचा. आणि त्याच खोडावर नखाएवढी पांढरी-गुलाबी फुलं. ती फुलं मधमाशी नाही, अगदी बारीक चिलटासारखे कीटक फळवतात, म्हणून खाली पडलेला पालापाचोळा काढायचा नाही, तो कुजला तर ते कीटक वाढतात. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला कळलं की ही बाग अशी "अस्वच्छ" का ठेवली आहे.

काकांच्या वडिलांनी ही रोपं कर्नाटकातून, पुत्तूरच्या बाजूने आणली. तिथे सुपारीवाल्या शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था आहे १९७३ सालची, त्यांचा पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून. सुपारीत आंतरपीक म्हणून कोको तिकडेच रुजला. भारतात कोको मुळात त्याच्याही फार आधी आला, १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तमिळनाडूत कुट्रालमला लावला होता. मला हे ऐकून नवल वाटलं, कारण माझा समज होता की काजू, अननस, पपई, पेरू, मिरची हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलं तसा कोकोही त्यांनीच गोव्यात आणला असणार. तर तसं नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून कोको नेला तो आफ्रिकेजवळच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे बेटांवर, एकोणिसाव्या शतकात, आणि तिथे त्याचे मोठे मळे केले. काजू आपल्याला मिळाला, कोको त्यांना.

फळ कोयत्याने फोडायचं नाही, आतल्या बिया कापल्या जातात. लाकडी दांड्याने दोन ठोके, मग हाताने पिळून दोन तुकडे. आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या बिया, तीस-चाळीस, एका दांड्याला चिकटलेल्या. काका म्हणाले "खावन पळय गो." तोंडात टाकली. दिसायला सीताफळ, लागायला लिचीवर लिंबू पिळल्यासारखं, आणि बुळबुळीत. आई म्हणाल्या बरक्या फणसाचा गरा. चॉकलेटचा मागमूस नाही! बी चावली तर कडू आणि तुरट, आतून जांभळी. लेकीने थुंकली.

मग काका आम्हाला मागच्या पडवीत घेऊन गेले आणि इथे मी जवळजवळ दीड तास उभी होते. लाकडी खोकी, तळाला भोकं, आत गरासकट बिया, वरून केळीची पानं आणि पोती. एक खोकं कालचं, एक तिसऱ्या दिवसाचं, एक सहाव्या. कालच्या खोक्याला बोंडूच्या भट्टीसारखा वास, गोडसर, दारूचा. खालून रस गळत होता, अगदी निरोसारखा. तिसऱ्याचं पान उचललं तर डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ व्हिनेगर. काका म्हणाले हात घाला आत. मी मनगटापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला, इतकं गरम! खाली चूल नाही, ऊन नाही, तरी पन्नास डिग्रीच्या आसपास तापतं ते. आधी यीस्ट गरातली साखर खाऊन दारू करतं, मग बिया उलटसुलट करून हवा दिली की दुसरे जिवाणू त्या दारूचं व्हिनेगर करतात आणि त्या कामातच ही धग तयार होते. व्हिनेगर आणि उष्णता बीच्या आत जाते आणि अंकुर मरतो.

"बी मेली पाहिजे," काका म्हणाले, "जिवंत बियेचं चॉकलेट होत नाही. पेरायला आणि खायला बी वेगळी."

सहाव्या दिवसाच्या खोक्यातली एक बी त्यांनी चाकूने उभी चिरून कालच्या बीशेजारी ठेवली. कालची जांभळी, घट्ट, लाकडासारखी. सहाव्या दिवसाची तपकिरी आणि आत मेंदूसारख्या सुरकुत्या. नाकाजवळ नेली तर व्हिनेगरच्या मागे, खूप मागे, पहिल्यांदा चॉकलेट. मी आठ वर्षं ज्या वासात काम करते तो वास मला तिथे जन्मताना भेटला, आणि खरं सांगते माझ्या अंगावर काटा आला. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्या काही बोलल्या नाहीत.

पुढे आठवडाभर उन्हात वाळवणं, रोज हाताने हलवणं, संध्याकाळी झाकणं. अंगणात चटया अंथरल्या होत्या, आंबोशी आणि आमसुलं वाळत होती त्यांच्याच शेजारी. निघताना काकांनी वाळलेल्या बियांचं दीड किलोचं पुडकं दिलं, पैसे घेतले पण हिशोबापेक्षा कमी.

*कुळागर बघायचं असेल तर फोंडा तालुक्यात पर्यटकांसाठी बऱ्याच मसाल्याच्या बागा खुल्या आहेत, बहुतेक ठिकाणी जेवण धरून तिकीट असतं. आधी फोन करून विचारा की कोकोला सध्या फळ आहे का. पायात जुने बूट घाला आणि डासांचं मलम विसरू नका.*

दिवस तिसरा : रायबंदर

वर्ग घेणारी ताई गोव्याचीच, वय पस्तिसेक. फ्रान्समध्ये बायोन नावाच्या गावात दोन वर्षं चॉकलेटच्या दुकानात काम करून परत आली आहे. मांडवीच्या काठाला जुनं घर, मागची खोली एसी लावून बंद केलेली. आम्ही सहाजण होतो, त्यात आई वयाने सगळ्यात मोठ्या. ताईने सुरुवातीलाच त्यांना विचारलं की तुम्हाला इतका वेळ उभं राहवेल ना, तर आई म्हणाल्या चैत्रात मी चार किलो पापड एकटी लाटते.

आधी भाजणं. ओव्हन १२५ डिग्री, पंचवीसेक मिनिटं. पहिली पाच-सात मिनिटं व्हिनेगरचा वास उडून जातो, मग भाकरी भाजल्यासारखा, मग टरफलं तडतडायला लागली आणि घरभर तो वास. ताई घड्याळ बघतच नव्हती, नाकाने चालली होती.

मग टरफल काढणं. बिया जराशा ठेचायच्या आणि टरफल उडवायचं. ताईकडे हेअर ड्रायर होता. आईंनी इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "सूप नाही का घरात?" ताईच्या आईने आतून सूप आणलं. मग काय! आईंनी व्हरांड्यात उभं राहून असं पाखडलं की टरफलं एकीकडे उडाली आणि सुपात राहिले ते नुसते चकचकीत तुकडे, निब्ज म्हणतात त्यांना. हेअर ड्रायरने आम्ही पाचजणांनी जेवढं केलं त्याच्या दुप्पट त्यांनी एकटीने केलं. ताई म्हणाली पुढच्या बॅचपासून सूपच.

दळायला टेबलावर ठेवलेला ओला ग्राइंडर, तोच, इडली-डोशाचा! थोडा बदललेला, जास्त वेळ चालेल असा, पण मूळ आपला कोईमतूरकडचाच. जगभर जे छोटे चॉकलेटवाले बीपासून बारपर्यंत स्वतः करतात त्यातल्या खूप जणांकडे हीच दगडी चाकं फिरतात. आत कोरडे निब्ज टाकायचे, पाणी अजिबात नाही, आणि अर्ध्या तासात ते पातळ होऊन वाहायला लागतं. कारण बीचा जवळपास निम्मा भाग स्निग्ध असतो, कोको बटर. दगडाच्या घर्षणाने ते तापून वितळतं. मग साखर. सत्तर टक्के चॉकलेट म्हणजे किलोमागे सातशे ग्रॅम कोको आणि तीनशे साखर, इतका सरळ हिशोब, आणि माझ्या कपाटातल्या कंपाउंडच्या पाकिटावर दहा नावं. दोन दिवस ते ग्राइंडरमध्ये फिरतं, कण जिभेला लागेनासे होईपर्यंत. आमच्यासाठी तिने दोन दिवस आधी लावलेलं तयार होतं.

आईंनी विचारलं की साखरेऐवजी गूळ टाकला तर? बहिणीसाठी आणलेल्या कोल्हापुरी गुळाची ढेप गाडीत होतीच. ताईने वाटीभर वितळलेल्या चॉकलेटमध्ये गुळाचा खडा टाकून दाखवला. दोन मिनिटांत ते तेल सुटलेल्या पिठल्यासारखं घट्ट गोळा झालं. गुळात पाणी असतं, आणि चॉकलेटला पाण्याचा एक थेंब सहन होत नाही. गूळ वापरायचा तर किसून ओव्हनमध्ये अगदी कोरडा करून दळायला टाकायचा. हे वाया गेलेलं चॉकलेट फेकलं नाही, त्यात गरम दूध घालून दुपारी आम्ही प्यायलो.

आणि त्या दुधाच्या निमित्ताने ताईने बायोनची गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये चॉकलेट बनवायला सुरुवात झाली त्यात हे गाव अगदी पुढे, सतराव्या शतकापासून. आणि तिथे ते नेलं कोणी, तर स्पेन आणि पोर्तुगालमधून इन्क्विझिशनच्या (धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या) भीतीने पळालेल्या ज्यू कुटुंबांनी. नदीच्या पलीकडे साँतेस्प्री म्हणून वस्ती, तिथे त्यांना राहायला परवानगी. दिवसा गावात येऊन काम करायचं आणि अंधार पडायच्या आत पूल ओलांडून परत. ते आपला दगड बरोबर घेऊन घरोघरी जायचे आणि गुडघ्यावर बसून तिथल्या तिथे कोको वाटून द्यायचे. गावातले लोक ते बघून बघून शिकले आणि १७६१ मध्ये त्यांनी चॉकलेटवाल्यांचा संघ काढून ज्यूंनाच धंदा करायला बंदी घातली, ती बोर्दोच्या न्यायालयाने १७६७ मध्ये रद्द केली. आज तिथे कमानींच्या रस्त्यावर चॉकलेटची जुनी दुकानं आहेत, एक काझनाव नावाचं १८५४ पासूनचं, तिथे गरम चॉकलेट हाताने फेसून कपाच्या वर फुगा आलेलं देतात.

"कशाने फेसतात?" आईंनी विचारलं.

ताईने एक लाकडी दांडा काढला, टोकाला कोरलेल्या कड्या. मेक्सिकोत असा वापरतात म्हणाली. आईंनी तो दोन तळव्यांत धरला. "ही तर रवी आहे." आणि पातेलं पायाशी धरून त्यांनी घुसळायला सुरुवात केली, ताकाच्या लयीत, आधी सावकाश मग भरभर, आणि मिनिटभरात पातेल्याच्या काठापर्यंत तपकिरी फेस. ताईने फोन काढून व्हिडिओ घेतला. तो फेस ओठाला लागतो तेव्हा नुसती हवा असते आणि मग एकदम कडू-गोड चव येते. मी आजवर प्यायलेलं सगळ्यात चांगलं चॉकलेट ते, आणि ते फसलेल्या चॉकलेटचं होतं.

*वर्ग शोधताना एकच प्रश्न विचारा : बीपासून शिकवता की वितळवून साच्यात घालायला? दुसरं घरी यूट्यूबवर पण शिकता येतं.*

दिवस चौथा : ३१ डिग्री

आज टेम्परिंग, म्हणजे ज्याच्यासाठी मी आले होते. कोको बटर थंड होताना सहा प्रकारचे स्फटिक धरू शकतं, त्यातला पाचवा हवा. तो धरला तर वडी चकाकते, मोडताना टक् वाजते, हातात लगेच पघळत नाही. त्यासाठी चॉकलेट आधी ४५ ते ५० डिग्रीला पूर्ण वितळवायचं, संगमरवरावर ओतून पसरत गोळा करत २७-२८ पर्यंत उतरवायचं, आणि मग परत ३१-३२ पर्यंत चढवायचं. एवढंच. पण त्या दिवशी रायबंदरला बाहेर ३४ डिग्री होतं आणि हवेत पाणी भरलेलं, म्हणजे चॉकलेटला जी ऊब हवी त्याच्यापेक्षा अंगण गरम. एसी वीसवर लावून काम चाललं होतं.

पसरणं माझ्या हाताला पटकन आलं, उलथनं सपाट धरून पुरणासारखं ओढायचं. ताईने थर्मामीटर लपवून ठेवला आणि म्हणाली ओठाला लावून सांग. खालच्या ओठाला थेंब लावला. गार लागला म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस, काहीच लागलं नाही म्हणजे एकतीस-बत्तीसच्या जवळ. तीन वेळा चुकले, चौथ्यांदा बरोबर. साच्यात ओतलं, आपटून बुडबुडे काढले, आणि अकरा वड्या लावून ठेवल्या.

साडेतीनला आभाळ एकदम काळं झालं. वळीव! माडांच्या झावळ्या अशा पिंजारल्या, मांडवी दिसेनाशी झाली आणि लाईट गेली. दहा मिनिटांनी येईल, वीस मिनिटांनी येईल करत दीड तास गेला. एसी बंद, खोली तापली, आणि सेट होत आलेल्या माझ्या अकरा वड्या मऊ पडल्या. लाईट आल्यावर त्या परत घट्ट झाल्या खऱ्या, पण वरून पांढरट भुरभुरीत नक्षी. मला फार वाईट वाटलं, दिवसभराचं काम होतं. ताई म्हणाली हे खराब नाही, बुरशी नाही, बटर वर येऊन चुकीच्या स्फटिकात बसलं. वितळव, परत कर. रात्री साडेसातपर्यंत थांबून मी परत केलं.

पण त्या अंधारातल्या दीड तासात जे बघायला मिळालं ते मी सोडलं नसतं. ताईची आई (आम्ही सगळे त्यांना मम्मा म्हणायला लागलो होतो) ऑर्डरची बेबिंका करते, आणि ते काम लाईटवर चालतच नाही. मागच्या पडवीत भांडं, वर पत्र्याचं झाकण, आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. आच वरून. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ, याचं मिश्रण पळीभर ओतायचं, वरच्या आचेवर तांबूस होऊ द्यायचं, तूप सोडायचं, मग पुढची पळी. एक थर पंधरा-वीस मिनिटं. सात थर तरी हवेत, मम्मा दहा करते. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि मग तो नुसता केक. दर वेळी झाकण उचलायच्या आधी ती तळहात निखाऱ्यांवर वीतभर उंच धरायची, दोन श्वास, आणि एखादं सोडण काढायची नाहीतर घालायची. आई तिच्या शेजारी पाटावर बसल्या. एकीला मराठी नीट येत नाही, दुसरीला कोंकणी, तरी पाऊस थांबेपर्यंत दोघी बोलत होत्या. आईंनी शेवटी स्वतःचा हात निखाऱ्यांवर धरला, मम्मा म्हणाली "आतां?" आई म्हणाल्या "अजून एक काढा." मम्माने एक सोडण काढलं.

मी मात्र परत खोलीत गेल्यावर थर्मामीटर मागितला नाही.

दिवस पाचवा : जुनं गोवें, पणजी, परत

सकाळी सातला दारात पोदेर (पाववाला), सायकलचा भोंगा वाजवत. गरम पोळी (ही गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ, आपली पोळी नव्हे) आणि मावशींचं लोणी.

जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा कॉन्व्हेंट बघितला, आता त्यात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. बेबिंकेची गोष्ट इथलीच सांगतात, की बेबियाना नावाच्या जोगिणीने पहिल्यांदा सात थरांची केली, लिस्बनच्या सात टेकड्या म्हणून. गोष्ट आहे, तशीच ऐकायची. तिथून चालत से कॅथेड्रलच्या समोरच्या मोकळ्या जागेत आलो. इन्क्विझिशनचा वाडा याच चौकात होता, १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षं बंद. आता काही उरलेलं नाही, हिरवळ आहे, लोक फोटो काढत होते. बायोनच्या त्या नदीपलीकडच्या वस्तीबद्दल परवा ऐकलेलं इथे उभं राहिल्यावर वेगळंच लागलं. लेकीने विचारलं की मग इथले ज्यू कुठे पळाले, आणि मला उत्तर देता येईना.

उत्तराचा एक तुकडा पणजीत मिळाला. चर्चसमोरची नगरपालिकेची बाग आहे ना, तिचं जुनं नाव गार्सिया द ओर्ताच्या नावाने. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारून विचारून आंबा, फणस, दालचिनी, लवंग असल्या सगळ्या गोष्टींवर पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. घराणं मूळचं ज्यू. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. आम्ही बाकावर बसून हे लेकीला सांगितलं. तिने हातातली चॉकलेट पेस्ट्री बाजूला ठेवली, थोड्या वेळाने परत घेतली.

मग फोंतेन्यास, पणजीतलीच जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. पिवळ्या-निळ्या भिंती, अरुंद गल्ल्या, ३१ जानेवारी रस्त्यावरची त्याच नावाची जुनी बेकरी. तिथून दोदोल, पेराद आणि बोलिन्हास (नारळाची बिस्किटं) घेतले. पेराद म्हणजे पेरूची वडी, आणि आपला पेरू हा शब्दही पोर्तुगीजच. दोदोल नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि माडाच्या काळ्या गुळाचा. आदल्या दिवशी ताईने दोदोलचा तुकडा चॉकलेटमध्ये बुडवून दिला होता, ते मी कोल्हापुरात करणार म्हणजे करणारच.

*पणजीत दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद, आणि रविवारी तर निम्मा बाजार बंद. चॉकलेट घेऊन परतताना डिकीत ठेवू नका. थर्माकोलचा डबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या खाली, मध्ये पुठ्ठा, वर चॉकलेट. बर्फ थेट लागला तर पाणी सुटून साखर वर येते. बेबिंका डब्यात आठवडाभर छान राहते. आणि चॉकलेट विकत घेताना मागचा मजकूर वाचा, कोको बटर लिहिलेलं असेल तर चॉकलेट, हायड्रोजनेटेड तेल असेल तर कंपाउंड.*

दोनला मावशींकडे जेवून निघालो. बहिणी दारात रडल्या. मावशींनी आईंच्या हातात सुपाचा जोड दिला, एक त्यांना आणि एक "त्या रायबंदरच्या पोरीला पाठव" म्हणून, आणि मग आठवलं की रायबंदर तर त्यांनाच जवळ आहे, तेव्हा एक परत ठेवून घेतलं.

काकांच्या दीड किलो बियांपैकी अर्ध्या मागच्या रविवारी घरी भाजल्या. ग्राइंडर अजून यायचा आहे, म्हणून आईंनी माळ्यावरचा पाटा काढायला लावला. उकळतं पाणी ओतून तो तापवला, पुसून अगदी कोरडा केला आणि निब्ज वाटायला घेतले. पहिली वीस मिनिटं नुसता भुगा. मी म्हणाले आई राहू दे, आपण मिक्सरला लावू. त्यांनी मान हलवली आणि वाटत राहिल्या. मग पाट्याच्या कडेला एक ओघळ दिसला, काळा, चकचकीत. लेकीने बोट लावलं.

काका म्हणालेत की दुसरा बहार गणपतीनंतर येतो.